छातीवरचं तेल

परवा गल्लीच्या तोंडावर पताका चढल्या आणि मला कळलं, की आता उन्हाळा लागेपर्यंत आमच्या घरात कुणी शांतपणे जेवणार नाही. मंगळवार पेठेत फुटबॉलचा हंगाम असाच येतो. आधी पताका, मग तालमीच्या भिंतीला नवा रंग, मग गच्च्यांवर वाळत घातलेली एकाच रंगाची किटं, आणि मग घराघरांतून ऐकू येणारा एकच वाद, की यंदा पुढं कोण खेळणार. हवेत गारवा असतो. गावाबाहेरच्या गुऱ्हाळांवरून रसाच्या काहिलीचा वास संध्याकाळच्या वाऱ्यावर आत येतो, आणि त्यात पोरांच्या घामट मोज्यांचा वास मिसळतो. हे मिश्रण कुणाला आवडेल असं मी म्हणत नाही. मला आवडतं.

बाहेरगावच्या माणसाला इथं थोडं समजावून सांगावं लागतं. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. तिथं मारुती आहे, लाल माती आहे, गणपतीची बैठक तिथंच होते, भांडणं तिथंच लागतात आणि तिथंच मिटतात, आणि फुटबॉलचा संघही तालमीचाच असतो. माझं माहेर पेठ वडगावचं, बाजाराचं गाव. लग्न होऊन इथं आले तेव्हा मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. ऑफसाइड म्हणजे काय, हे मला माझ्या सासूबाईंनी भाकऱ्या थापता थापता शिकवलं. परातीच्या कडेला पिठाचे गोळे मांडून त्या म्हणाल्या होत्या, "ह्यो आपला, ह्यो त्यांचा, आन् ह्यो शाना म्हागं ऱ्हायचं सोडून फुडं जाऊन हुबारलाय." मी बारा गावचं पाणी प्यालेली नसेन, पण इतकं स्वच्छ शिकवणारी बाई पुन्हा भेटली नाही. मी स्वतः शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून हे जरा अधिकारानं सांगते.

हंगाम आला की मला एकच हंगाम आठवतो. त्याला आता काही वर्षं झाली, पण पताका दिसल्या की तो पुन्हा दारात येऊन उभा राहतो.

त्याची सुरुवात खरं तर त्याच्या आधीच्या वर्षी झाली होती. आमच्या तालमीचा गोलकीपर होता अक्षय, दिनकरमामांचा थोरला मुलगा. सगळी पेठ ज्यांना मामा म्हणते त्या दिनकरमामांचं कोपऱ्यावर सायकलचं दुकान आहे. पण पेठेत त्यांची ओळख दुकानामुळं नव्हती, आवाजामुळं होती. स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ते ओरडले, की पलीकडच्या पायऱ्यांवरची माणसं दचकून चहा सांडायची. "मार की रं!" ही त्यांची आरोळी घरात स्वयंपाक करताना मला ऐकू आलेली आहे. रेफ्रीची सात पिढ्यांपर्यंतची चौकशी ते पायरीवर बसून करत, आणि मॅच संपली की त्याच रेफ्रीला चहा पाजत.

तो अक्षय एका सकाळी सरावात खाली बसला. जवळ कुणी नव्हतं, चेंडूही दुसऱ्या टोकाला होता. बसला, आणि मग आडवा झाला. पोरांना वाटलं, सोंग करतोय. तो सोंगाड्याच होता, हसवायचा सगळ्यांना. मग कुणी पाणी मारलं, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी तळपाय चोळले. जे जे ठाऊक होतं ते ते सगळं पोरांनी केलं. छाती दाबायची असते, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. कॉलेज नुकतंच संपलेलं पोर, कधी साधं सर्दीपडसं नाही, आणि गेलं.

का गेलं, ते कुणाला सांगता आलं नाही. पेठेत प्रत्येकाचं एकेक म्हणणं होतं. कुणी म्हणे ऊन, कुणी म्हणे उपाशीपोटी पळाला, कुणी म्हणे नजर. दिनकरमामा सगळ्यांचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. त्यानंतर ते मैदानावर आले नाहीत. मॅचच्या दिवशी दुपारीच दुकानाचं शटर खाली ओढायचे आणि घरात जाऊन बसायचे. आमचे सामने होत राहिले, पण पायऱ्यांवरून काहीतरी गेलं होतं. एकदा आमच्या पोरांनी गोल केला आणि सगळे ओरडले, तरीही मला वाटलं की कुणी ओरडलंच नाही.

मग पुढच्या वर्षी, मी म्हणते त्या हंगामाच्या पताका चढायच्या सुमाराला, एक डॉक्टरीणबाई दिनकरमामांच्या घरी आल्या. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, बोलायला मऊ. तरुण मुलांच्या हृदयाचा त्या अभ्यास करत होत्या. अक्षयबद्दल त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. घरात आधी असं कुणाचं झालं होतं का, एवढंच त्या विचारायला आल्या होत्या, पण निघताना दिनकरमामांनीच त्यांना विचारलं, "बाई, आधी कळलं असतं काय हो?" त्या खोटं बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "सांगता येत नाही. काही मुलांचं कळतं, काहींचं नाही. पण बघितलंच नाही तर कुणाचंच कळत नाही." दिनकरमामांनी चपला घातल्या आणि बाईंना घेऊन थेट तालमीत गेले.

तालमीत आमचे बापू वस्ताद. तरुणपणी कुस्त्या केलेले, आता संघाचे सर्वेसर्वा, मिशा अशा की पोरं त्यांच्याशी बोलताना मिशांकडेच बघून बोलतात. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले. "बाई, आमची पोरं वाघ हायत. वाघाची कुटं छाती तपासत्यात व्हय?"

"अक्षय बी वाघच हुता की, बापू," दिनकरमामा म्हणाले.

मी तिथं होते, कारण शाळेतली बाई म्हणून अशा कामांना मला पुढं करायची पेठेची पद्धत आहे. बापूंनी मारुतीकडं बघितलं, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "करा. रविवारी करा." मग पोरांना बोलावून त्यांनी आपल्या घोगऱ्या आवाजात हुकूम सोडला, "रविवारी छातीची तपासणी हाय. तयारीनं यायचं. तालमीचं नाव खाली गेलं तर बघा."

'तयारीनं' या शब्दानं काय घोळ घातला, तो आठवला की मला आजही एकटीला हसू येतं. कोल्हापूरच्या पोराला कुठलीही तपासणी सांगा, त्याला ती स्पर्धाच वाटते. समोर यंत्र आहे म्हणजे त्याला हरवायचं आहे. रविवारी पहाटेपासून आमच्या पोरांनी तयारी केली. जोर मारले, बैठका काढल्या. एकमेकांच्या छातीला, दंडाला, पाठीला तेल चोळून मालिश केली, अंग चमकलं पाहिजे म्हणून. मग समोर म्हशी पिळून दूध विकतात त्या कट्ट्यावर जाऊन धारोष्ण दूध प्याले, आणि तिथून पळत, शर्यत लावून, तालमीच्या दारात येऊन उभे राहिले. ओठांवर दुधाचा फेस, अंग तेलानं तुकतुकीत, आणि छात्या भात्यासारख्या वरखाली.

डॉक्टरीणबाईंबरोबर ईसीजी काढणारी एक मुलगी आली होती. तिनं पहिल्या पोराला सतरंजीवर झोपवलं, हातापायांना चिमटे लावले आणि छातीवर रबरी फुगे बसवायला घेतले. एक बसवला की दुसरा सुळकन घसरायचा. दुसरा धरला की पहिला टपकन खाली. पोरगं खिदळायला लागलं, मग सगळी रांग खिदळायला लागली. कसेबसे कागद निघाले, तर त्यावर रेघा अशा दाटीनं की पावसाळ्यात तारेवर बसलेल्या चिमण्या. बाई एकेक कागद बघत होत्या आणि त्यांच्या कपाळावर आठ्या वाढत होत्या. शेवटी त्यांनी बापूंना विचारलं, "ह्या मुलांच्या मागं पोलीस लागले होते का?"

"छ्या! तयारीनं आल्यात," बापू अभिमानानं म्हणाले.

मला तर हसावं की डोकं धरावं कळेना. बाईंनी मात्र डोकं थंड ठेवलं. त्या म्हणाल्या, हे सगळे कागद बाजूला ठेवायचे. सगळ्यांनी अंग पुसायचं, आखाड्यात लाल मातीवर गप पडून राहायचं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तेल पुसून जाईना, तेव्हा मी गल्लीत गेले आणि घराघरांतून डाळीचं पीठ गोळा केलं. बायकांनी विचारलं, भजी करालाय काय तालमीत? मी म्हटलं, पोरं तळायची आहेत. मग तालमीच्या हौदावर आमचे वाघ एकमेकांच्या छातीला बेसन लावून अंघोळ करत होते, आणि वस्ताद कंबरेवर हात ठेवून बाजूला उभे होते. त्यांचा चेहरा मी पुढं अनेकदा आठवून बघितला आहे. आपलं नेमकं काय चुकलं, ते त्यांना कळत नव्हतं.

आता माझ्या मुलाबद्दल सांगायला हवं. सुजित माझा एकुलता एक. डाव्या बाजूनं पळायचा, आणि पळायचा असा की पेठेनं त्याचं नाव 'गोळी' ठेवलं होतं. त्या हंगामात तो पहिल्यांदा कप्तान होणार होता. पहिल्या फेरीतला त्याचा कागद बाईंच्या मदतनीस मुलीला बरा वाटला होता, आणि तेवढ्यावर खूश होऊन गडी बाकीच्यांचा बेसनाचा कार्यक्रम चुकवून मैदानावर सटकला. मी रांगेत बघते तर हा नाही. पदर खोचला आणि गेले. मैदानाच्या कडेला तो पायांवर चेंडू उडवत होता.

"आई, माझं झालंय. पास झालोय मी."

शाळेत मी प्रमाण भाषेत रागावते, पण पोटच्या पोरावर रागावले की मीही पेठेची होते. "गडबडीत सोडवलेला प्योपर हाय त्यो. परत लिहायचा. चल!"

"आयला, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच. चल म्हणालोय न्हवं?"

त्याच्या कानाला धरून मी त्याला मैदानातून तालमीपर्यंत आणलं. पुढं बरेच दिवस पोरं त्याला त्यावरून चिडवत होती. पण त्या वेळी माझ्या मनात कसली शंका नव्हती, भीती नव्हती. नियम म्हणजे नियम, एवढंच मास्तरीण डोकं होतं माझं. घाईनं सोडवलेल्या पेपरवर मी आजवर कुणालाच पास केलेलं नाही.

सुजित बेसन लावून न्हाला, मातीवर आडवा पडला, छातीचा भाता हळूहळू खाली बसला. मग त्याला सतरंजीवर घेतलं. ह्या वेळी फुगे नीट चिकटले. यंत्रातून कागद सरसर बाहेर आला. बाईंनी तो हातात घेतला आणि त्या बघतच राहिल्या. बाकीच्या पोरांचे कागद त्या बघायच्या आणि हसून पाठीवर थाप मारायच्या. हा कागद त्यांनी खिडकीपाशी नेला, उजेडात धरला. पुन्हा एकदा काढायला सांगितला. मी त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते.

"तुला कधी उगाचच धडधडतं का?" त्यांनी सुजितला विचारलं. "म्हणजे बसल्या बसल्या, एकदम सुरू होतं आणि एकदम थांबतं, असं?"

सुजितनं माझ्याकडं बघितलं, मग मातीकडं. "कवातरी. मला वाटलं, जोश हाय."

बापू वस्ताद पुढं सरसावले. "बाई, तेलाचा दोष असंल. ह्येच्या छातीचं तेल निघालं नसंल नीट." त्यांच्या आवाजातली विनवणी ऐकून मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदा माया वाटली. त्यांना खरोखरच तेलाचा दोष असायला हवा होता. मलाही हवा होता.

पण तो तेलाचा नव्हता. बाईंनी आम्हाला बाजूला बसवून सांगितलं. हृदयाचे ठोके पडायला आतून विजेचा एक हलका झटका जातो, आणि त्याची जायची वाट ठरलेली असते. सुजितच्या हृदयात जन्मापासून एक जादाची वाट होती. दमलेलं हृदय घाईनं मुख्य वाटेनं धावतं, तेव्हा ही दुसरी वाट कागदावर लपून राहू शकते. सकाळच्या पहिल्या कागदावर ती म्हणूनच दिसली नव्हती. निवांत पडल्यावर ती दिसली. बहुतेकांना अशा वाटेचा कधीच त्रास होत नाही, काहींना धडधड होते, आणि फार थोड्यांना एखाद्या दिवशी जिवावर बेतू शकतं.

मी हृदयाचे चार कप्पे दरवर्षी फळ्यावर काढते. निळा खडू, लाल खडू, बाण. पण बाई बोलत होत्या आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. कळलं ते बापूंना. ते म्हणाले, "म्हंजे मेन रोड सोडून बोळातनं कट मारतंय म्हणा की."

"अगदी बरोबर," बाई म्हणाल्या. "आणि हा बोळ बंद करता येतो. मांडीच्या शिरेतून बारीक तार आत नेऊन. छाती फाडावी लागत नाही. चांगला होईल तो. पण तोवर खेळायचं नाही."

मोठ्या दवाखान्यात पुन्हा तपासण्या झाल्या, तिथंही तेच निघालं. आणि मग सुरू झाले ते दिवस, जे मला हंगाम म्हणून आठवतात. बाहेर हलग्या वाजत होत्या, ट्रॉलीतून पोरं झेंडे घेऊन जात होती, आणि माझा कप्तान घरात कॉटवर भिंतीकडं तोंड करून. माझ्याशी तो बोलत नव्हता. त्याच्या मते गुन्हा माझा होता. मी कान धरून नेलं नसतं तर त्याला काही झालंच नसतं. मला राग यायचा, आणि मग मी त्याच्या उशाशी जेवणाचं ताट नेऊन ठेवायची. दुपारी शाळेतून आले की आधी मी त्याच्या खोलीच्या दारात उभी राहायची, पांघरूण वरखाली होतंय ना ते बघायची, आणि मगच हातपाय धुवायची. पूर्वी मी त्याला लाडानं, रागानं 'मुडद्या' म्हणायची. आमच्या बाजूच्या आया म्हणतातच. त्या दिवसांत तो शब्द जिभेवर येऊन परत गेला, आणि मग कधी आलाच नाही.

लोक बोलत होते. चांगल्या धडधाकट पोराला बाईनं पेशंट केलं, असंही बोलत होते. वडगावच्या वहिनीनं फोनवर सांगितलं, की मीठ-मिरच्या उतरून टाका, पोराला दृष्ट लागलीय. मी उतरून टाकल्या. शास्त्र शिकवत असले तरी आई आहे मी. नृसिंहवाडीला जाऊन दत्तालाही सांगून आले, घाटावर बसून संगमाचं पाणी बघितलं, येताना कवठाची बर्फी आणली. तीही सुजितनं खाल्ली नाही. ऑपरेशनला तो तयारच नव्हता. हंगाम संपू दे, मग बघू, म्हणायचा. हे म्हणजे पोलिसांचा ससेमिरा चुकवत फिरण्यासारखं झालं होतं. त्याचे बाबा शांत माणूस, ते त्याला समजावून थकले. आणि मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा एक दिवस कुणाला न सांगता किट चढवेल आणि मैदानात उतरेल, ही.

एका संध्याकाळी दिनकरमामा घरी आले. सामना होता त्या दिवशी, त्यांचं शटर खाली होतं. मी चहा टाकला. ते सरळ सुजितच्या खोलीत जाऊन त्याच्या कॉटच्या कडेला बसले. स्टेडियमवरचा गलका आमच्या खिडकीतून येत होता.

"कुणावर रुसलाईस?" त्यांनी विचारलं.

सुजितनं उशी कानावर ओढली.

"आईवर? डॉक्टरनीवर? आरं, ज्यांनी सांगितलं त्यांच्यासंगटच भांडालाईस व्हय? माझ्या अक्षयला कुणी सांगितलंच न्हाई, बघ. सांगितलं असतं तर त्यो बी असाच रुसला असता. भिंतीकडं तोंड करून झोपला असता." त्यांचा आवाज बारीक झाला. ज्या आवाजानं स्टेडियम हलायचं, तो आवाज मला स्वयंपाकघरात कान देऊन ऐकावा लागत होता. "रुसलेलं का हुईना, पोर घरात दिसलं असतं मला."

मी गॅस बंद केला आणि ओट्याला धरून उभी राहिले. थोड्या वेळानं दिनकरमामा बाहेर आले, चहा न पिताच गेले. आणि सुजित मागोमाग येऊन माझ्याशेजारी उभा राहिला आणि म्हणाला, "आई, बर्फी हाय काय अजून?"

दवाखान्यातल्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो, मी, सुजितचे बाबा आणि दिनकरमामा. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. चहाचा थर्मास घेऊन ते सकाळीच येऊन बसले होते. आत माझ्या लेकराच्या हृदयात तार फिरत होती, आणि बाहेर मी भिंतीवरचं, हात धुण्याच्या पद्धतीचं चित्र पुन्हा पुन्हा वाचत होते. दार उघडलं. बाई मास्क खाली ओढून आमच्याकडं आल्या आणि बापूंच्याच शब्दांत म्हणाल्या, "बोळ बंद झाला." मी रडले. सुजितचे बाबाही रडले. दिनकरमामांनी थर्मासचं झाकण उघडून पहिला चहा डॉक्टरीणबाईंना दिला.

त्यानंतर बाईंनी त्यांना एक विचारलं, फार जपून विचारलं. अक्षयचं कारण आजही नक्की सांगता येत नाही, पण अशा गोष्टी कधी कधी रक्तातून येतात. घरातल्यांनी तपासून घेतलं आणि रक्त अभ्यासाला दिलं, तर त्यांना आणि पुढच्या कुणाला उपयोग होईल. आपल्याकडच्या तरुण मुलांच्या हृदयांबद्दल अजून खूप काही शिकायचं राहिलं आहे, त्या म्हणाल्या. दिनकरमामांनी बाही वर सारली. "घ्या की. लागंल तेवढं घ्या." मामींनी दिलं, अक्षयच्या धाकट्या बहिणीनंही दिलं. तिच्या तपासण्या चांगल्या निघाल्या. तिला बाई वर्षातून एकदा बोलावतात, आणि ती दरवेळी जाऊन येते. अक्षयचं उत्तर अजून आलेलं नाही. "शोधालेत न्हवं? मग झालं," मामा म्हणतात.

यंदाची तपासणी गेल्या रविवारी झाली. आता ती हंगामाच्या पूजेइतकीच ठरलेली आहे. तालमीत मारुतीपुढं नवी किटं ठेवतात, नारळ फोडतात, आणि त्याआधी सतरंजी अंथरतात. आता मुलींचाही संघ आहे, त्यांना सुजित शिकवतो. त्यांच्यासाठी आतल्या खोलीत पडदा लावून सोय करतात. भिंतीवर गदेच्या शेजारी, छातीला झटका देऊन थांबलेलं हृदय चालू करायचं यंत्र टांगलेलं आहे, आणि वाळूच्या पोत्यावर छाती दाबायला पेठेतलं प्रत्येक पोर शिकलेलं आहे. कागद सरळ आला म्हणजे हमी मिळाली असं नाही, हे बाई दरवर्षी सांगतात. म्हणून पोतं आहे, म्हणून यंत्र आहे. आणि दारात बापू वस्ताद स्टूल टाकून बसतात. प्रत्येक पोराच्या छातीवर बोट फिरवून बघतात. "त्याल लावलंयस व्हय रं? घरला जा, धुऊन ये. आन् पळत येऊ नको, चालत ये." त्यांच्याइतका कडक परीक्षक मी शिक्षणखात्यात बघितलेला नाही.

पण हे सगळं बघत असताना माझं मन त्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यापाशी जाऊन थांबतं. बाईंनी पुन्हा तपासून सुजितला खेळायची परवानगी दिली होती. ऊन कडक झालं होतं, गुऱ्हाळं थंडावत आली होती. मी पायऱ्यांवर बसले होते, हातात पर्सचा पट्टा घट्ट पिळून. सुजित मैदानात आला तेव्हा पेठ उभी राहिली, पण मी बसूनच राहिले. तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी बसलं. दिनकरमामा होते. आपल्या जुन्याच पायरीवर.

सुजित पळाला. पहिल्यांदा पळाला तेव्हा माझंच काळीज थांबायचं बाकी होतं. मग दुसऱ्यांदा पळाला, तिसऱ्यांदा, आणि मग मी मोजायचं सोडून दिलं. सामना संपत आला असताना त्याला मोकळा गोल मिळाला. समोर कुणीही नाही, गोलकीपर बाहेर पडलेला, नुसता पाय लावायचा होता. गड्यानं चेंडू आभाळात उडवला. जिंकायलाच हवा होता तो सामना बरोबरीत सुटला आणि चषक हातचा गेला.

शिट्टी झाल्यावर तो आम्ही बसलो होतो तिथं कुंपणाशी आला, घामानं निथळत, मान खाली घालून. दिनकरमामा उतरले. कुंपणावरून हात घालून त्यांनी आपला पंजा त्याच्या ओल्या छातीवर ठेवला. तसाच ठेवून ते उभे राहिले. सगळ्या पेठेला ठाऊक होतं, की तो हात कुणाची छाती शोधत होता. सुजितही हलला नाही, त्यानं त्यांना हवं तेवढा वेळ तसं उभं राहू दिलं.

"पळालंय की झकास," मामा म्हणाले. डोळे भरलेले होते. मग त्यांनी हात काढून घेतला, छाती भरून श्वास घेतला, आणि वर्षभर कुणी न ऐकलेल्या त्या आवाजात असे ओरडले, की पलीकडच्या पायऱ्यांवरची माणसं दचकून इकडं बघायला लागली,

"मग गोल का हुकवलास रं, गाढवा?"